गामावोर

आमच्या शेजारच्या आजी त्यांच्या आजोबांना कधी सैनिक म्हणत नाहीत. गामावोर म्हणतात. त्यांच्या आर्मेनियन बोलीत गाम्क म्हणजे इच्छा. आपल्या इच्छेनं आला तो गामावोर. मराठीत स्वयंसेवक म्हणावं, तर लग्नाच्या पंगतीत पाणी वाढणारी पोरंही स्वयंसेवकच असतात. हा शब्द त्याहून जड आहे. कुणी हुकूम सोडला नाही, नाव भरतीच्या यादीत नव्हतं, आणि तरी माणूस घरचं दार ओढून घेऊन निघाला, एवढं सगळं त्यात आहे.

बोस्टनला लागून असलेल्या वॉटरटाउनमध्ये राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. इथल्या माउंट ऑबर्न रस्त्यावर आर्मेनियन बेकऱ्या आहेत. सकाळी बस पकडायला निघालं की लहमाजुनचा, म्हणजे खिमा पसरून भाजलेल्या पातळ रोटीचा, वास येतो, आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात चोरेगचा. चोरेग म्हणजे वेणीसारखा गुंफलेला गोडसर पाव. पहिल्याच वर्षी आजींनी तो कुंपणावरून माझ्या हातात दिला आणि मी त्यांना दिवाळीत चकल्या दिल्या. ओळख अशी झाली. त्यांची नातवंडं त्यांना ‘मेड्झ मायरिग’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांच्या स्वयंपाकघरात एक फोटो आहे. फ्रेंच लष्करी गणवेशातला विशीतला मुलगा, हात मागे बांधलेले, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. तो फोटो कुणाचा हे मी चार वर्षं विचारलं नाही. विचारलं त्या दिवशी रात्रीचे अकरा वाजले तरी मी तिथेच बसलो होतो.

फोटोतला तो मुलगा म्हणजे त्यांचे आजोबा. ते ज्या पलटणीत होते, तिच्याबद्दल त्या दिवसापासून मी मिळेल ते वाचतो आहे. फ्रेंचांनी तिला नाव दिलं लेझिओं दोरिआं, म्हणजे पूर्वेची पलटण. पुढे ती आर्मेनियन पलटण म्हणून ओळखली गेली. पुरती चार वर्षंही ती जगली नाही. पण तिचा जन्म ज्या रीतीनं झाला, ती रीत मला विसरता येत नाही.

सुरुवात एका डोंगरावर झाली. आजच्या तुर्कस्तानातल्या अँटिओकजवळ, भूमध्य समुद्राला टेकून, मूसा दाग नावाचा डोंगर आहे. त्याच्या कुशीत सहा आर्मेनियन गावं होती. १९१५ च्या एप्रिलपासून ऑटोमन, म्हणजे तेव्हाच्या तुर्की साम्राज्याच्या, सरकारनं आर्मेनियन लोकांना उठवायला सुरुवात केली होती. आधी पुढारी, मग पुरुष, मग बायका-मुलं सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलायची. जुलैअखेर त्या सहा गावांनाही निघण्याचा हुकूम आला. वाट कुठे जाते हे तोवर कानावर आलंच होतं. बहुतेक गावकऱ्यांनी शेळ्या-मेंढ्या, भांडीकुंडी, होतं नव्हतं ते धान्य घेतलं आणि ते डोंगर चढून वर गेले. चार हजारांहून जास्त माणसं. नव्या बनावटीच्या बंदुका सव्वाशेच्या आत, बाकी आजा-पणजाच्या काळातल्या ठासणीच्या. एवढ्यावर ते सात आठवडे लढले. पावसानं दारूगोळा भिजला, वैऱ्यांनी गुरं पळवली, धान्य संपत आलं. पाठीशी फक्त समुद्र होता.

बायकांनी चादरींवर दोन मोठे बावटे शिवले. एकावर तांबडा क्रूस, दुसऱ्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं: संकटातले ख्रिस्ती, सोडवा. समुद्राकडच्या उतारावर ते झाडांना बांधले. पट्टीचे पोहणारे तरुण खाली किनाऱ्यावर पाळी लावून बसले, जहाज दिसलं तर पोहत जायचं म्हणून. रोज सकाळी समुद्र रिकामा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘गिशाँ’ नावाच्या फ्रेंच युद्धनौकेला तो बावटा दिसला.

इथे मी नेहमी थांबतो. कुठल्याशा सरकारचं धोरण नव्हतं हे. दुर्बिणीतून एका माणसाला चादर दिसली आणि त्यानं मान फिरवली नाही. पुढे आणखी युद्धनौका आल्या. लाटांवरून, तराफ्यांवरून, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन चार हजारांवर माणसं जहाजांवर चढली. पण उतरवायचं कुठे? सायप्रस जवळ होतं, तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नको म्हटलं. शेवटी इजिप्तमधलं पोर्ट सैद. सुएझ कालव्याच्या काठावर वाळूत तंबू पडले. बायका भरतकाम करू लागल्या, गावचे कारागीर लाकडी कंगवे बनवू लागले, पोरांची शाळा सुरू झाली.

आणि त्या छावणीत काही शेकडा तरणेबांड पुरुष होते. डोंगरावर लढलेले, आता दुसऱ्याच्या भाकरीवर बसलेले. इंग्रजांना त्यांचा खर्च जड होता, फ्रेंचांना त्यांच्यात शिपाई दिसत होते, आणि त्यांना स्वतःला परत जायचं होतं. तीन गरजा एका ठिकाणी आल्या. पलटणीचं बी त्या वाळूत पडलं.

आता या गोष्टीतला मला सर्वात झोंबणारा भाग. बोगोस नुबार पाशा नावाचे एक वजनदार गृहस्थ होते. इजिप्तच्या पहिल्या पंतप्रधानांचे चिरंजीव, आणि पॅरिसमध्ये बसून आर्मेनियन लोकांची बाजू जगापुढे मांडणाऱ्या शिष्टमंडळाचे प्रमुख. १९१६ च्या ऑक्टोबरअखेर लंडनला त्यांची आणि फ्रेंच मुत्सद्दी जॉर्ज-पिको यांची बोलणी झाली. नुबार पाशांचं म्हणणं साधं होतं. आमची मुलं देतो, पण ती तुर्की सैन्याविरुद्धच लढतील, किलिकियात लढतील, आणि लढाई जिंकली की किलिकियाला स्वायत्तता मिळेल. किलिकिया म्हणजे अदाना, मेर्सिन, मराश हा आजच्या दक्षिण तुर्कस्तानातला सुपीक पट्टा. मध्ययुगात तिथे आर्मेनियन राजे नांदले होते. पिकोंनी शब्द दिला.

शब्द दिला, कागद नाही. पिको म्हणजे तेच, ज्यांच्या आणि इंग्रज साइक्स यांच्या नावानं ऑटोमन मुलूख आपसात वाटून घेण्याचा तो गुप्त करार ओळखला जातो. त्या करारात, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, किलिकिया फ्रान्सच्या वाट्याला आधीच आखून झाली होती. नुबार पाशा मुरलेले होते, भोळे नव्हते. त्यांना डावाचा अंदाज नसेल असं मला वाटत नाही. पण ज्या माणसाची अर्धी जात वाळवंटात मरते आहे, त्याच्या हातात सौदा करायला असतं तरी काय? त्यानं तोंडी शब्द उचलला. त्याच्या जागी मी असतो तरी उचलला असता. १५ नोव्हेंबर १९१६ रोजी फ्रेंच सरकारनं पलटण उभी करण्याचा निर्णय केला. अंमलदार फ्रेंच, शिपाई आर्मेनियन आणि थोडे सीरियन, हुकूम मेजर रोम्यू यांचा.

मग बातमी जगभर पसरलेल्या आर्मेनियन वस्त्यांत पोचली. इथे, वॉटरटाउनमध्येही. तेव्हा इथे हूड रबर कंपनीचा मोठा कारखाना होता, रबरी बुटांचा. त्यात आर्मेनियन मजूर खूप. मेड्झ मायरिगचे आजोबा त्यांतले एक. गाव खारपेर्त, पूर्व अनातोलियातलं. युद्धाच्या आधी चार पैसे कमवायला आले होते. आई आणि दोन बहिणी गावी. १९१५ च्या उन्हाळ्यानंतर पत्रं यायची बंद झाली.

अमेरिका १९१७ च्या एप्रिलमध्ये युद्धात उतरली, पण जर्मनीविरुद्ध. ऑटोमन साम्राज्याविरुद्ध तिनं कधीच युद्ध पुकारलं नाही. म्हणजे अमेरिकेच्या सैन्यात गेलं तर फ्रान्सच्या चिखलात जर्मनांशी लढावं लागणार. ज्याला आईचा माग काढायचा आहे, त्याला फ्रेंचांची ही पलटण हीच एक वाट होती. अमेरिकेतून बाराशेच्या आसपास तरुण गेले. न्यूयॉर्कहून फ्रान्स, तिथल्या मार्सेय बंदरातून, जर्मन पाणबुड्या फिरत असलेल्या भूमध्य समुद्रातून पोर्ट सैद. इंग्रजांच्या हाती लागलेल्या ऑटोमन युद्धकैद्यांत जे आर्मेनियन निघाले, त्यांतलेही काही पलटणीत आले. कालपर्यंत सुलतानाच्या गणवेशात असलेला शिपाई, मूसा दागवरचा गुराखी आणि मॅसॅच्युसेट्सच्या कारखान्यातला कामगार एका रांगेत उभे राहिले.

प्रशिक्षणाची जागा निवडली सायप्रसमध्ये, फामागुस्ताच्या उत्तरेला मोनार्गा नावाच्या गावाजवळ. मुद्दाम आडबाजूला. बेटावर तुर्की वस्ती होती आणि इंग्रजांना तिथे खटके उडायला नको होते. ज्या बेटानं वर्षापूर्वी बायका-मुलांना उतरू दिलं नाही, त्याच बेटावर त्यांचे पुरुष बंदूक चालवायला शिकले. छावणीही पहिल्या आलेल्यांनी आपल्याच हातांनी बांधली. महिने गेले, वर्ष उलटलं. कवायत चालू, लढाई नाही. किलिकियाचा किनारा समुद्रापलीकडे शंभरेक मैलांवर. पलटण वाढत गेली. १९१८ च्या उन्हाळ्यापर्यंत चार हजारांच्या घरात पोचली.

आजोबांच्या पत्रांतलं एकच मेड्झ मायरिगला पाठ आहे. मोनार्ग्याहून लिहिलेलं. त्यात लढाईबद्दल काही नाही. फक्त विचारलं आहे, खारपेर्तहून आलेलं कुणी बोस्टनला भेटलं का, भेटलं तर आईचं नाव घेऊन विचारा. मग लक्षात आलं की खारपेर्त किलिकियात नाहीच. कितीतरी लांब, डोंगरांपलीकडे. तो मुलगा स्वतःच्या गावासाठी लढत नव्हता. एक घर गेलं, तर निदान दुसरीकडे चार भिंती उभ्या राहतील, एवढ्यासाठी तो गेला होता.

लढाई आली ती किलिकियात नाहीच. १९१८ च्या मध्याला पलटण पॅलेस्टाइनमध्ये इंग्रज जनरल ॲलनबींच्या फौजेत गेली. १९ सप्टेंबरच्या पहाटे मेगिद्दोची मोठी चढाई सुरू झाली. पलटणीच्या वाट्याला आली राफातजवळची आरारा नावाची टेकडी. खडकाळ, निवडुंगाची, समोर तुर्की आणि जर्मन मोर्चे. त्यांनी ती घेतली. घेणं एक वेळ सोपं. दिवसभर उघड्या खडकावर तोफा झेलत ती धरून ठेवणं अवघड. रात्रीतून समोरचे मोर्चे रिकामे झाले. वीसहून अधिक जण तिथे पडले. जागतिक युद्धाच्या हिशेबात हा आकडा दिसणारही नाही. पण तीन वर्षं फक्त मारले गेलेल्या समाजाची पोरं त्या दिवशी आपल्या नावाच्या पलटणीत, हातात शस्त्र घेऊन मेली. पुढे त्यांच्या अस्थी जेरुसलेमला सायन डोंगरावरच्या आर्मेनियन दफनभूमीत आणल्या.

त्याच सकाळी किनाऱ्याच्या बाजूनं फुटलेल्या फळीतून घोडदळ आत घुसलं, त्यात पूना हॉर्स होतं. १८१७ साली दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या तहानुसार उभी राहिलेली ही फौज. स्वार बहुतेक राजपूत आणि कायमखानी, नाव तेवढं पुण्याचं. पेशव्याच्या पैशानं उभी राहिली आणि वर्षभरात पेशवाईच बुडाली. दुसऱ्याच्या झेंड्याखाली उभ्या राहिलेल्या फौजांचं शेवटी काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आराराच्या नंतरचं मी भराभर सांगतो, कारण ते वाचताना अजून घशात अडकतं. ऑक्टोबरअखेर ऑटोमन साम्राज्याशी युद्धबंदी झाली. पलटण आधी बैरूतला आणि मग, अखेर, किलिकियात उतरली: अलेक्झांड्रेट्टा, मेर्सिन, अदाना. सीरियन वेगळे काढले गेले आणि नाव आता सरळ आर्मेनियन पलटण झालं. वाळवंटातून वाचलेले लोक परतू लागले, लाखाच्या वर. पण कागदावर नसलेल्या शब्दाची किंमत इथे कळली. फ्रेंचांना प्रदेश हवा होता, आर्मेनियन राज्य नव्हे. आणि पलटणीतल्या साऱ्यांचेच हात स्वच्छ राहिले असंही नाही. फेब्रुवारी १९१९ मध्ये अलेक्झांड्रेट्टात पलटणीच्या शिपायांची फ्रेंचांच्याच अल्जेरियन तुकडीशी मारामारी पेटली, गावातल्या मुसलमानांची लूट झाली, आणि चौथी तुकडी मोडून टाकण्यात आली. हे लपवून पलटणीचा गौरव करणं मला पटत नाही. मेड्झ मायरिगलाही नाही. ‘ज्यांची घरं लुटली, तीही कुणाची तरी घरं होती,’ हे त्यांनीच मला सांगितलं.

जानेवारी १९२० मध्ये मराश शहरात तुर्की राष्ट्रवाद्यांचा पुढारी मुस्तफा केमाल याच्या बाजूचे लोक उठले. तीन आठवडे गल्लीगल्लीत लढाई झाली. १० फेब्रुवारीच्या रात्री फ्रेंच सैन्य गाव सोडून निघालं. बर्फाचं वादळ होतं. कुणकुण लागलेले आर्मेनियन लोक मुलाबाळांसह त्यांच्या मागून अंधारात निघाले, आणि इस्लाहियेच्या वाटेवर बर्फात शेकड्यांनी गारठून मेले. जे मागे राहिले त्यांचं आणखी वाईट झालं. त्याच वर्षी पलटण मोडली. पुढच्या वर्षी २० ऑक्टोबरला अंकाऱ्यात फ्रान्सनं केमालच्या सरकारशी करार केला आणि किलिकिया सोडून दिली. नुबार पाशांना दिलेल्या शब्दाला पाच वर्षं पुरी व्हायला तेव्हा जेमतेम आठवडा राहिला होता.

मूसा दागचे लोक मात्र घरी परतले होते. वीस वर्षं नांदले. १९३९ मध्ये फ्रान्सनं तो जिल्हाही तुर्कस्तानला दिला, आणि पाच गावं उठून लेबनॉनच्या बेका खोऱ्यात अंजरला गेली. तिथल्या वस्त्यांना अजून त्या सहा गावांचीच नावं आहेत. डोंगराखाली वाकिफ्ली हे एकच गाव राहिलं. २०२३ च्या भूकंपात त्याच्याही भिंती पडल्या. दर सप्टेंबरला अंजरमध्ये रात्रभर मोठाल्या हंड्यांत गहू आणि मटण घोटून हरिसा करतात. डोंगरावरच्या त्या दिवसांची आठवण म्हणून.

आजोबा १९२० मध्ये परत वॉटरटाउनला आले, आणि त्याच रबराच्या कारखान्यात, त्याच कामावर रुजू झाले. त्यांचा भरतीचा कागद मेड्झ मायरिगनं मला दाखवला. चार घड्या पडलेला, फ्रेंच भाषेतला. त्यात नाव आहे, उंची आहे, डोळ्यांचा रंग आहे, युद्ध संपेपर्यंत सेवा करीन असं आहे. ‘यात किलिकिया कुठे आहे, शोध बघू,’ त्या म्हणाल्या. मला फ्रेंच फारसं येत नाही, तरी तो शब्द नाही एवढं कळलं. त्यांनी तो तसाच घड्या घालून ठेवला. आजोबा कधी फ्रेंचांना दोष देत नसत म्हणे. एवढंच म्हणायचे, मी माझा शब्द पाळला.

आता मला माझं सांगायला हवं. मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे गावोगावी पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांच्या पाट्या आहेत. माझे पणजोबा मराठा पलटणीत होते, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये. ती डिव्हिजन बगदादच्या वाटेवर मागे रेटली गेली आणि आजच्या इराकमधल्या कूट गावात तुर्की फौजेनं वेढली गेली. जवळजवळ पाच महिने उपासमार. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद, त्यांत बहुतेक हिंदी. तिथून वाळवंटातून चालवत नेलं. अनेक हिंदी कैदी बगदाद रेल्वेच्या कामावर लागले, आजच्या सीरियातल्या रास अल-ऐन इथे. पणजोबा त्यांत होते. घरात त्या गावाचं नाव ‘रासलैन’ असं घेतलं जाई, आणि लहानपणी मला ते कुणा बाईचं नाव वाटायचं.

रास अल-ऐन हे नाव मला पुन्हा भेटलं ते या पलटणीबद्दल वाचताना. हाकलून दिलेल्या आर्मेनियन लोकांचे तांडे जिथे आणून सोडत, त्यांतली ही एक जागा. खारपेर्तहून निघालेल्या बायकांचे तांडेही तिथे पोचले होते. १९१६ मध्ये तिथल्या छावण्यांतल्या हजारो लोकांची कत्तल झाली. त्याच रेल्वेच्या, अमानुस डोंगरातल्या बोगद्यांवर तर आर्मेनियन मजूर काढून नेले आणि त्यांच्या जागी कूटचे कैदी आणून लावले.

माझे आजोबा सांगत, पणजोबा युद्धाबद्दल बोलत नसत. सूनबाईंनी ताटात जास्त वाढलं की उठून जात, एवढंच. पण म्हातारपणी एक वाक्य त्यांच्या तोंडी होतं. सांजवेळी ओट्यावर बसून, कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणत. घरच्यांना त्याचा अर्थ लागला नाही. मलाही शंभर वर्षांनी, परक्या मुलखात, पुस्तक मांडीवर ठेवून बसलो असताना लागला.

हे सगळं मी मेड्झ मायरिगला सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. आपल्या घरातला जुना शोध दुसऱ्याच्या जखमेवर नेऊन ठेवू नये, असं वाटत होतं. मग गेल्या ईस्टरला त्या चोरेग घेऊन आल्या. मी नकाशा काढला. त्यांनी चष्मा लावला, खारपेर्तवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू खाली आणलं, डोंगर उतरत, नदी ओलांडत, रास अल-ऐनपर्यंत. ‘इथवर कळलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘आजोबांना अलेप्पोत एक बाई भेटली. तिनं त्यांच्या आईला इथे पाहिलं होतं. पुढचं नाही कळलं.’

मी म्हणालो, माझे पणजोबा इथेच होते. त्यांच्यानंतर.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘काही म्हणायचे का ते?’

मी इंग्रजीत सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘तुझ्या भाषेत सांग. त्यांनी जसं म्हटलं तसं.’

मी सांगितलं.

‘आमच्या आधी तिथं माणसं व्हती.’

त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. मग माझ्या मागोमाग, चुकत चुकत, स्वतः म्हटलं.